एका कोळंबीपासून समुद्र

खाऱ्या पाण्याच्या टाकीत सगळ्यात आधी रंगीत मासा जात नाही. जाते ती बाजारातली एक मेलेली कोळंबी. जाळीच्या पिशवीत घालून ती पाण्यात टांगायची आणि खुशाल कुजू द्यायची. घरातल्या समुद्रात जीव येतो तो इथून.

टाकी साधीच घ्यावी: दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने ही ८५ लिटरची. वाळू-दगड धरता प्रत्यक्ष पाणी ७५ लिटरच्या आसपास. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण थोडं पाणी लवकर तापतं आणि लवकर जास्त खारट होतं.

स्वयंपाकघरातलं मीठ मात्र चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही विरघळलेलं असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला अडीच किलोहून थोडं जास्त. मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून तो उजेडाकडे धरायचा. आत निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात ती रेघ १.०२५ वर आली की हे पाणी समुद्राइतकं खारट झालं.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलेलं दिसतं आणि काचेच्या काठावर पांढरा थर धरतो. मिठागरात घडतं तेच इथे घडतंय: पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे. काचेवर मार्करने एक रेघ ओढली की काम सोपं होतं.

आता कोळंबीकडे वळू. ती कुजते तेव्हा अमोनिया सुटतो, आणि माशाच्या श्वसनातून आणि विष्ठेतूनही तोच सुटणार असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो. अशा पाण्यात अमोनिया जास्तच जहाल. पण काही जिवाणूंचं तेच अन्न! एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये मातीतून असे जिवाणू वेगळे काढले. शेतातल्या युरियातून निघालेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात तेही यांचेच भाऊबंद. उन्हाशिवाय हे जीव नुसत्या रसायनांवर जगतात, पण वाढतात फार सावकाश: एकाचे दोन व्हायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस. सच्छिद्र दगडाच्या आणि फिल्टरमधल्या स्पंजाच्या कणाकणावर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हे काम लवकर होतं. दुधाला विरजण लावावं तसंच.

कमी पैशात समुद्र मांडायची किल्ली इथेच आहे. टाकीतले सगळ्यात कष्टाळू रहिवासी फुकट येतात. ते मागतात फक्त वेळ. प्रवाळ ठेवायचे नसतील तर महागडे दिवे लागत नाहीत. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की साठलेलं नायट्रेट कमी होतं, त्यामुळे इतक्या लहान टाकीत फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरवाचूनही भागतं. पैसे खर्चायचे ते चांगल्या मिठावर आणि तपासणीच्या किटवर. प्रवाळ तर समुद्रातून काढलेले घेऊच नयेत: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकच्या रिंगा जिवाणूंना पुरतात.

पहिले पाहुणे म्हणून क्लाउनफिशची जोडी उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, आपल्याकडे ऐरोलीलाही शोभेच्या समुद्री माशांचं पैदास केंद्र आहे. तेव्हा पैदाशीतलेच मासे मागून घ्यावेत. नर-मादी शोधत बसायची गरज नाही. सगळे क्लाउनफिश आधी नर म्हणूनच वाढतात. दोन पिल्लं एकत्र ठेवली की त्यांतलं मोठं, वरचढ पिल्लू पुढे मादी होतं.

मासे कधी सोडायचे ते परीक्षानळी सांगते. नेहमीच्या किटमध्ये अमोनिया असला की पाणी हिरवं होतं, नसला की पिवळं. पहिल्या आठवड्यांत नळी गडद हिरवी होत जाते, मग एके दिवशी फिकटते आणि शेवटी स्वच्छ पिवळी राहते. नायट्राइटही शून्यावर आलं की जोडी आणायची. ते दोघे खातात, पोहतात, टाकी घाण करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थेंब टाकून नळी उजेडात धरावी. पिवळीच! रात्रभर अब्जावधी जिवांनी पाणी निवळलं, आणि आपल्याला त्यातला एकही दिसला नाही.