जनरल करिअप्पांची ईशान्य मुंबई

1971 च्या मार्चमध्ये जनरल के. एम. करिअप्पा ईशान्य मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, शिवसेनेच्या पाठिंब्यावर, आणि पडले. इंदिरा लाटेत भलेभले वाहून गेले, तसे हेही गेले, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. काँग्रेसच्या 352 जागा पाहता ते चूक नाही, पण पुरेसंही नाही. लाटेनं पराभव समजतो. करिअप्पांची राजकारणाची कल्पनाच मुळात निवडणुकीच्या विरोधात होती, हे समजत नाही.

पहिल्या भारतीय सरसेनापतीनं लष्कराला राजकारणापासून दूर ठेवलं, हे श्रेय त्यांचंच. पण दूर ठेवलं ते लष्कर. स्वतःची जीभ नव्हे. गणवेशात असतानाच ते आर्थिक धोरणांवर जाहीर बोलू लागले, तेव्हा नेहरूंना पत्र लिहून त्यांना आवरावं लागलं. 1953 च्या जानेवारीत निवृत्ती, मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उच्चायुक्तपद. 1958 मध्ये पाकिस्तानात लष्करी राजवट आली, आणि आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या त्या कृतीचं या गृहस्थांनी जाहीर कौतुक केलं. पुढे पश्चिम बंगालात किमान पाच वर्षं राष्ट्रपती राजवट आणा, असंही सुचवलं. गोंधळ दिसला की मतपेटी बाजूला ठेवून शिस्त आणायची, हा त्यांचा सरळ हिशेब. असा माणूस मतदाराकडे मागणार तरी काय?

यावर कोणी म्हणेल, कोडगूचा माणूस मुंबईकरांना परका वाटला, इतकंच. मला हे पटत नाही. केरळचे कृष्ण मेनन मुंबईतूनच दोनदा निवडून आले होते, 1962 मध्ये तर आचार्य कृपलानींना पाडून. 1967 मध्ये याच ईशान्य मुंबईत ते स. गो. बर्व्यांकडून हरले, आणि बर्वे वारल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडूनही. त्या वेळी सेना मेननविरोधात होती, दाक्षिणात्यांविरुद्धचा सूर टिपेला होता. चारच वर्षांत तीच सेना एका दाक्षिणात्यासाठी मतं मागत होती! माजी संरक्षणमंत्री मेनन आणि माजी सरसेनापती करिअप्पा, दोघांनाही एकाच मतदारसंघानं घरी पाठवलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी निवृत्तीनंतर राजकारणात यशस्वी झालेच ना? झाले. पण 1991 मध्ये ते गढवालमधून लोकसभेत गेले ते भाजपचे म्हणून. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात रस्ते सांभाळले, 2007 मध्ये उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. हुद्दा लष्कराचा असला, तरी मतं गोळा करणारी माणसं पक्षाची होती. करिअप्पांपाशी उसना पाठिंबा होता, स्वतःचा कार्यकर्ता नव्हता. आणि पक्ष असूनही 2012 मध्ये, पक्षानं ज्यांच्या नावावर प्रचार केला, ते खंडुरी कोटद्वारला स्वतःच पडले.