शर्यतीच्या विमानाची प्रतिकृति : गणित व हस्तव्यवसाय यांची सांगड

रत्नागिरीचे विमानतळ मिरजोळे येथे असल्यामुळे त्या परिसरातील मुलांस विमानाचे नावीन्य नाही. तथापि जे नित्य दिसते ते समजलेले असतेच असे नाही. ती समज देण्यास विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृति हे उत्तम साधन होय.

याकरिता ‘जिप्सी मॉथ’ हे जुने दुपंखी विमान निवडावे. १९२८ साली इंग्लंडमधील ‘किंग्ज कप’ शर्यत या जातीच्या विमानाने जिंकली. पुढे भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले. १९३० साली मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून, तर तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून याच जातीच्या विमानातून निघाले होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. इंजिनिअर यांचे विमान स्पार्क प्लगअभावी अडले होते. टाटांनी आपल्याजवळील प्लग त्यांस दिला. पारितोषिक इंजिनिअर यांस मिळाले व १९६० साली ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. ही हकीकत कामास आरंभ करण्यापूर्वी मुलांस अवश्य सांगावी.

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३० फूट, म्हणजे ३६० इंच. १ : ७२ या प्रमाणात तो ५ इंच भरतो. हे गणित मुलांनीच करावे व पट्टीने पडताळावे.

अशा विमानांचे प्लॅस्टिकचे संच पुष्कळदा मर्यादित संख्येत निघतात. त्यांचे साचे साधे असल्याने भागांच्या कडांना पातळ पापडी राहते आणि जोड नेमका बसविणारे खुंट नसतात. भाग हरवला अथवा चुकीचा कापला तर दुसरा मिळणे दुरापास्त असते. म्हणून प्रथम सर्व भाग मोजून नोंदवावेत. प्रत्येक जोड गोंद न लावता जुळवून पाहावा, पॉलिश पेपरने थोडाथोडा घासावा व मगच चिकटवावा. प्लॅस्टिकचा गोंद पृष्ठभाग विरघळवून जोड करतो. तो अधिक झाल्यास भाग बिघडतो. रेझिनचे भाग असल्यास ते पाणी लावून घासावेत, कारण त्यांची धूळ श्वासाबरोबर जाणे अपायकारक आहे. सुरी शिक्षकांनीच हाताळावी.

जोडणीचा क्रम असा : प्रथम धड, नंतर खालचा पंख व शेपटी, रंगकाम उरकून मग उभे दांडे व शेवटी वरचा पंख. गोंद वाळेपर्यंत पुठ्ठ्याच्या खाचेत दोन्ही पंख समांतर धरून ठेवावेत. पंखांमधील तारांसाठी बारीक दोरा वापरावा. काही तारा उड्डाणात पंखांस वर मुडपू देत नाहीत, तर काही जमिनीवर त्यांचा भार तोलतात. तार केवळ ताण सोसते, दाब नाही. दांडा दाब सोसतो. छपराच्या कैचीचे उदाहरण दिल्यास मुलांस हे तत्काळ उमजेल.

वर्गास एकच संच परवडत असेल तर प्रत्येक गटाकडे एकेक भाग सोपवावा. संच मिळत नसेल तर त्याच मापाने पुठ्ठा व बांबूच्या काड्या यांची प्रतिकृति करावी. मोजणे, जुळवून पाहणे व मगच चिकटविणे ही सवय मुलांस लागली, म्हणजे या उपक्रमाचा हेतु सफल झाला असे समजावे.