पॉलिएथिलीन कयाकमधील भेगा व छिद्रे : दुरुस्तीमागील विज्ञान

प्रस्तावना

लोणी काळभोर समुद्रापासून दूर असले, तरी नौकेशी अपरिचित नाही. येथील राजबाग परिसरात महाराष्ट्र ॲकॅडमी ऑफ नेव्हल एज्युकेशन अँड ट्रेनिंग ही नाविक शिक्षण देणारी संस्था आहे. नदीच्या वरच्या अंगाला, पुण्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या रेगाटाची परंपरा १९२८ पासूनची आहे. महाविद्यालयीन जलक्रीडेत प्लास्टिकची कयाक वापरात आल्यापासून तिच्या दुरुस्तीचा प्रश्नही उद्भवतो. तळाला तडा गेला की दोन मार्ग सहज सुचतात : नौका निर्लेखित करणे, अथवा इपॉक्सीची लांबी भरून ती पुन्हा पाण्यात सोडणे. पहिला खर्चिक आहे. दुसरा विद्यार्थ्याच्या जिवाशी खेळणारा आहे.

लांबी का टिकत नाही?

बहुसंख्य प्लास्टिक कयाक गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांप्रमाणेच रोटोमोल्डिंगने, म्हणजे फिरत्या तप्त साच्यात पॉलिएथिलीनची भुकटी वितळवून घडवितात. कर्ब व हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे हे द्रव्य अध्रुवीय असते. त्यावर पाणी जसे पसरत नाही, तशीच इपॉक्सीही पकड घेत नाही. तळ लवचीक असल्याने ती पुढे पापुद्र्यासारखी सुटते. फायबरग्लासच्या नौकेवर रेझिन उत्तम बसते. तोच अनुभव येथे लागू केला जातो आणि तेथेच फसगत होते. पॉलिएथिलीनचा खात्रीचा सांधा वितळवूनच होतो.

मात्र काही नौका बंधित साखळ्यांच्या पॉलिएथिलीनच्या असतात. हे द्रव्य तापविल्यास वितळत नाही, करपते. म्हणून प्रथम आतील एखाद्या न दिसणाऱ्या कडेवर चाचणी घ्यावी.

दुरुस्तीची कृती

भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो; टोक जितके तीक्ष्ण, तितका ताण अधिक, हे सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणिताने दाखविले. त्यामुळे दोन्ही टोकांना सुमारे ४ मि.मी. व्यासाचे गोल छिद्र पाडणे ही पहिली पायरी होय. टोक डोळ्यांना दिसते त्याच्या किंचित पुढे असते, हे ध्यानात ठेवावे. नंतर भेग व्ही आकारात कोरावी. उन्हाने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. तो थर जोडणीपूर्वी खरवडून काढावा. उष्ण हवेच्या यंत्राने खाच व भरणकांडी दोन्ही एकाच वेळी मऊ करीत कांडी दाबून बसवावी. केवळ कांडी वितळून थंड तळावर पडली, तर सांधा दिसतो, होत नाही.

भरणकांडी त्याच जातीच्या पॉलिएथिलीनची हवी. मोटारींचे बंपर जोडणारे कारागीर या कामात निष्णात असतात, परंतु त्यांच्याकडील कांडी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. दोन्ही प्लास्टिके दिसायला सारखी असली, तरी एकजीव होत नाहीत.

मोठ्या छिद्रास त्याच द्रव्याचे ठिगळ कडेने वितळवून बसवितात. आतून स्टेनलेस स्टीलची जाळी रुतविल्यास बळकटी येते. सांधा आपोआप निवू द्यावा. पाणी ओतून घाईने थंड केल्यास अंतर्गत ताण राहतात. काम हवेशीर जागी करावे.

चाचणी व वापर

नौकेच्या आत थोडे पाणी भरून सांध्याखाली कोरडा कागद ठेवल्यास गळती कळते. नंतर तळ हाताने दाबून सांधा वाकवून पाहणे अधिक महत्त्वाचे, कारण न गळणारा सांधाही दुबळा असू शकतो. या कसोटीस उतरलेली कयाक काठालगतच्या संथ पाण्यात, देखरेखीखाली सरावासाठी वापरावी. कोलाडच्या कुंडलिकेसारख्या खडकाळ, वेगवान प्रवाहात नेऊ नये.