संदर्भाची ओळ आणि बायंडिंगचे दुकान

सोलापूरची नवी पेठ ही शहरातील गजबजलेली बाजारपेठ असून तेथील आणि आसपासच्या टायपिंग, झेरॉक्स व बायंडिंगच्या दुकानांवर सत्र संपत आले की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गर्दी होते, कारण प्रकल्प, लघुप्रबंध आणि शोधनिबंध बांधून विभागात जमा करण्याची तारीख जवळ आलेली असते. दुकानदाराला कामाची सवय असल्यामुळे तो बरेच काही न सांगता करतो. बांधणीत कागदाची डावी कड आत जाते म्हणून डावा समास दीड इंच आणि इतर तीन एक इंच ठेवणे, मजकुरात दीडपट किंवा दुप्पट ओळअंतर देणे, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करणे, आणि प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका या सुरुवातीच्या पानांना मराठी ग्रंथांच्या प्रथेप्रमाणे एक, दोन, तीन असे अक्षरी क्रमांक देऊन पहिल्या प्रकरणापासून अंकी क्रमांक सुरू करणे, ही सारी कामे त्याच्या हातची असतात. विद्यार्थी पुष्कळदा संदर्भसूचीही त्याच्याच स्वाधीन करतात, आणि गडबड तेथेच होते; समास कोणालाही आखता येतो, पण कोणत्या पुस्तकाची कोणती आवृत्ती उघडली आणि तिचे कोणते पान वाचले, हे ते वाचणाऱ्यावाचून दुसऱ्याला ठाऊक असणे शक्य नसते.

संदर्भ देण्याचा हेतू वाचकाला लेखकाने पाहिलेल्या पानापर्यंत पोहोचता यावे एवढाच असतो, आणि या हेतूची किंमत मराठी इतिहासलेखनाने फार पूर्वी ओळखली. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याने तळटिपांत मराठी हस्तलिखितांचे उल्लेख केले आणि त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचेही नोंदवले, पण पुढच्या अभ्यासकांना त्या नकला मिळाल्या नाहीत. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथाची परखड चिकित्सा केली, आणि त्यानंतर मूळ कागद छापून सर्वांसमोर ठेवण्याची जी परंपरा महाराष्ट्रात वाढली, तिच्यातूनच वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला. डफने संदर्भ दिला नव्हता असे नाही. तो तपासता येत नव्हता, ही खरी अडचण होती. आजच्या विद्यार्थ्याच्या सूचीतही हाच दोष सर्वांत अधिक आढळतो.

संदर्भ देण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठ देतात व पूर्ण तपशील शेवटच्या सूचीत असतो. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क याने १८८१ मध्ये तिचा अवलंब केला होता, आणि सामाजिक शास्त्रांत रूढ असलेली ‘एपीए’ म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पद्धत याच जातीची आहे. दुसरीत मजकुरात लहानसा अंक घालून पानाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या शेवटी टीप देतात. इतिहासात आणि मराठी साहित्याच्या अभ्यासात तीच अधिक रुळलेली आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील चाळिसाव्या पानावरील विधानाचा आधार घ्यायचा झाल्यास पहिल्या पद्धतीत मजकुरात ‘(कर्वे, १९६७, पृ. ४०)’ एवढेच येते, आणि सूचीत ‘कर्वे, इरावती (१९६७), युगान्त, पुणे : देशमुख आणि कंपनी’ अशी नोंद येते. एपीएच्या २०१९ साली निघालेल्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव देण्याची गरज काढून टाकली, परंतु मराठी पुस्तकांच्या बाबतीत ते गाव ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण अनेक जुन्या प्रकाशनसंस्था बंद झाल्या असून एकाच नावाच्या संस्था निरनिराळ्या शहरांत होऊन गेल्या आहेत. विभागाने जी पद्धत सांगितली असेल ती पाळावी; कोणतीही चालते, पण एकाच प्रबंधात दोन्हींची सरमिसळ चालत नाही.

टिपांच्या पद्धतीत ‘तत्रैव’ हा शब्द विशेष दगा देतो. लगेच आधीच्या टिपेतील ग्रंथ पुन्हा उल्लेखायचा असेल तर ‘तत्रैव, पृ. ५२’ असे लिहितात. पण मार्गदर्शकांच्या सूचनेवरून एखादा परिच्छेद वर हलवला किंवा मधे नवी टीप घातली, की तोच ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो आणि संगणक त्याबद्दल काहीही सांगत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखानंतर आडनाव आणि ग्रंथाचे छोटे नाव लिहिणे अधिक सुरक्षित असते, आणि शिकागो विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध शैलीपुस्तिकेनेही २०१७ पासून याच रीतीला पसंती दिली आहे.

नोंदीचा मजकूर मुखपृष्ठावरून घेऊ नये. मुखपृष्ठ चित्रकाराचे असते. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष हे तपशील आतल्या शीर्षकपानावर आणि त्याच्या मागील बाजूस छापलेले असतात. तेथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पाहावा लागतो, कारण पुनर्मुद्रणात पाने सहसा तीच राहतात, तर नव्या आवृत्तीत मजकूर आणि पृष्ठांक दोन्ही बदलू शकतात. ‘लीळाचरित्रा’चे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे : ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाच्या स्वतंत्र संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या, त्यांतील पाठ व लीळांची मांडणी सर्वत्र सारखी नाही, आणि म्हणून नुसते ‘लीळाचरित्र’ असे लिहिणे म्हणजे संदर्भ न देण्यासारखेच आहे. जुन्या पुस्तकांवर सनाऐवजी शक छापलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र शक चैत्रात बदलत असल्याने जानेवारीपासून शकवर्षाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मानला जातो, आणि सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे तो अभ्यासकांपुढे आला. ज्याने तो दगड पाहिलेला नाही आणि वाचन मात्र एखाद्या लेखातून घेतले आहे, त्याने शिलालेखाचा नव्हे तर त्या लेखाचा संदर्भ द्यावा, कारण वाचनात चूक असल्यास ती कोठून आली हे त्यावरूनच कळते.

सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदत असल्यामुळे नावांचा प्रश्न येथे अधिकच गुंतागुंतीचा होतो. १९४४ ते १९५६ या काळात सोलापुरात कन्नडचे प्राध्यापक असलेले द. रा. बेंद्रे कवी म्हणून ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने परिचित आहेत. मराठीत ‘विशाखा’वर कुसुमाग्रज हे नाव आहे, तर ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. पुस्तकावर जे नाव छापले असेल तेच नोंदीत प्रथम घ्यावे आणि दुसरे हवे असल्यास चौकटी कंसात द्यावे. आडनावच नसलेल्या संतांना ‘ज्ञानेश्वर’, ‘जनाबाई’ असे सरळ नोंदवावे, आणि डॉ., प्रा., ह. भ. प. या उपाधी सूचीतून गाळाव्यात, नाहीतर अर्धी सूची ‘ड’ आणि ‘प’ या दोन अक्षरांखाली गोळा होते.

सूची अकारविल्हे लावताना संगणकावर पूर्ण विसंबू नये, विशेषतः मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर. हे फाँट डोळ्यांना देवनागरी दाखवतात, पण आत रोमन अक्षरेच साठवतात; त्यामुळे क्रम विस्कटतो, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर मराठी म्हणून वाचता येत नाही. आरंभापासून युनिकोडमध्ये टाइप केले तर हा त्रास टळतो, नाहीतर शेवटच्या दिवशी रूपांतर करताना जोडाक्षरे फुटतात आणि प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते.

साम्यतपासणी आता टाळता येण्यासारखी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करायचा असतो, चाळीस ते साठ टक्के असल्यास वर्षभर तो सादर करता येत नाही, आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळलेली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते, आणि म्हणून काही विद्यार्थी टक्केवारी कमी करण्यासाठी अवतरणातले शब्द बदलून अवतरणचिन्हे काढून टाकतात, जे मूळ दोषापेक्षा वाईट आहे.

छापील साधनांपलीकडची माहिती आली की नियम थोडे बदलतात. विडी कामगार किंवा चादरीच्या कारखान्यांवरील प्रकल्पात प्रत्यक्ष मुलाखती असतात. एपीए पद्धतीत त्या सूचीत न घालता मजकुरातच नोंदवतात, तर इतिहासाच्या प्रबंधात त्यांची स्वतंत्र यादी मुलाखतीची तारीख आणि ठिकाण देऊन परिशिष्टात लावण्याची प्रथा आहे. नाव प्रसिद्ध करण्यास बोलणाऱ्याची संमती नसेल तर तेथे नावाऐवजी ‘विडी कामगार, स्त्री, वय सुमारे पन्नास’ अशी नोंद करतात, आणि ध्वनिमुद्रण व मूळ टिपणवही विद्यार्थ्याने स्वतःकडे जपून ठेवायची असते, कारण मौखिक परीक्षेत परीक्षक नेमकी तीच मागू शकतात.