हिरवी ओळ, पांढरी ओळ : तोडणी प्रोग्राममधील रंगांची हकीकत



गट ऑफिसच्या फळ्यावर तोडणी प्रोग्रामची यादी लागली की गर्दी होते ती नावासाठी नव्हे, रंगासाठी. आपली ओळ हिरवी, पिवळी की अजून पांढरीच, एवढे पाहून माणूस चहाच्या टपरीकडे वळतो. हिरवी म्हणजे ऊस वयात आला. पिवळी म्हणजे महिनाभर कळ काढा. पांढरी म्हणजे अजून अवकाश आहे. हा रंग भरतो तरी कोण, असे पुष्कळ सभासद आम्हाला विचारतात. "साहेब, कॉम्प्युटरवरच्या पोराला सांगून आमची ओळ हिरवी करा की," असेही काही जण हसत हसत सुचवितात. म्हणून हा खुलासा.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शेतकी ऑफिसात लाल-निळी पेन्सिल होती. लागण नोंदीच्या रजिस्टरवर वरिष्ठ साहेब बोटावर महिने मोजत आणि खूण करीत. एकदा केलेली खूण तशीच राही. ऊस मात्र रोज वाढे. आता नोंद एक्सेलच्या तक्त्यात असते. त्यात लागणीच्या तारखेवरून आजचे वय महिन्यात निघते, आणि रंगाचा एक नियम घालून ठेवलेला असतो : वय ठरलेल्या महिन्यांइतके किंवा जास्त असेल तर ओळ हिरवी, एक महिना कमी असेल तर पिवळी. याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. रंग कोणी भरत नाही. वय पुढे सरकले की ओळ आपोआप रंग बदलते, त्यामुळे पोराला सांगून काही उपयोग नाही! ही सोय एक्सेलमध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून आहे. त्या वेळी एका चौकटीला तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीत ते बंधन गेले.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे पक्वतेचे वय वेगवेगळे, आणि गटही पुष्कळ. प्रत्येक तक्त्यात नियम नव्याने लिहीत बसणे कोणाला परवडणार? म्हणून एका तक्त्यातला नियम उचलून दुसऱ्यात नेतात. त्यासाठी ब्रशचे चित्र असलेले एक बटण आहे. रंगीत ओळ निवडायची, ब्रशवर टिचकी मारायची, आणि ज्या ओळींना रंग हवा त्यांवरून फिरवायचा. ब्रशवर दोनदा टिचकी मारली तर तो एस्केप कळ दाबेपर्यंत हातातच राहतो, कितीही ठिकाणी फिरवा. दुसरी रीत म्हणजे ओळ कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये फक्त 'फॉरमॅट्स' निवडणे. आकडे जागच्या जागी राहतात, नियम तेवढा जातो. काम मिनिटाचे. आणि या मिनिटाच्या कामानेच आम्हाला मागे एका हंगामात तोंडघशी पाडले.

झाले असे. आडसालीच्या तक्त्यात ठरलेले वय, म्हणजे १६ महिने, आम्ही के१ या चौकटीत लिहिले होते आणि नियम त्या चौकटीकडे पाहत होता. तोच नियम ब्रशने एका गटाच्या खोडव्याच्या तक्त्यावर फिरवला. नियम गेला, पण तो १६ हा आकडा घेऊन गेला नाही. तो गेला "याच तक्त्यातील के१ पाहा" एवढा हुकूम घेऊन. आणि त्या तक्त्यात के१ मध्ये आकडा नव्हताच, 'शेरा' असे रकान्याचे नाव होते. एक्सेलच्या हिशेबी कोणतेही अक्षर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठे. म्हणजे खोडवा बारा महिन्यांचा असो की वीस, तो 'शेऱ्या'पेक्षा लहानच! 'शेऱ्या'तून एक महिना वजा करता येत नाही, त्यामुळे पिवळाही लागला नाही. अख्खा तक्ता पांढरा. चूक झाली म्हणून घंटा वाजत नाही की लाल अक्षरात काही लिहून येत नाही. आम्ही मात्र हिरव्या ओळी गाळून घेऊन प्रोग्राम काढला आणि टोळ्या दुसरीकडे लावल्या.

पुढे एके सकाळी त्या गटातील एक ज्येष्ठ सभासद तुरा आलेला ऊस खांद्यावर टाकून ऑफिसात आले. ऊस आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, खोडव्याला बारा महिने झाले. तुरा दिसतोय रानात, आणि तुमच्या कागदावर आमची ओळ पांढरी कशी?" आम्ही यादी पाहून सांगितले, "तात्या, वय भरलं नसेल अजून." हे आमचे उत्तर आम्हाला आजही टोचते. कारण रंग सोडून शेजारचा वयाचा रकाना पाहिला असता, तर तिथे १२ हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. तात्यांनीच त्यावर बोट ठेवले.

नियमांची यादी उघडल्यावर घोळ कळला. खोडव्याच्या तक्त्यात के१ मध्ये ११ लिहिले, आणि डोळ्यांदेखत निम्म्याहून जास्त ओळी हिरव्या झाल्या. जादा टोळी लावून तोड केली. पण तुरा आल्यावर वाढ थांबते, कांडी पोकळ पडू लागते, वजन घटते. जे गेले ते गेले, आणि ते आमच्या खात्याच्या चुकीने गेले.

ज्यांची मुले घरी दुधाचा, पाण्याच्या पाळीचा किंवा मजुरीचा हिशेब अशा तक्त्यात ठेवतात, त्यांच्यासाठी एक बारकी गोष्ट सांगतो. नियमात चौकटीच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते, ती खुंटी समजा. $के$१ म्हणजे चौकट खुंटीला बांधलेली. नियम कुठल्याही ओळीत न्या, तो के१ कडेच पाहणार. खुंटी नसेल तर पुढच्या ओळीत नियम के२ कडे, त्यापुढे के३ कडे पाहतो. ती चौकट रिकामी असली की रिकामे म्हणजे शून्य, आणि महिन्याची कोवळी लागणही हिरवी! उलट वयाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खुंटी ठोकली, तर सगळा गट पहिल्या सभासदाच्या वयावर चालतो. माउसने चौकट निवडली की एक्सेल स्वतःच दोन्ही खुंट्या ठोकते, म्हणून ही दुसरी चूक जास्त घडते. पहिली ओळ पाचवी असेल तर बरोबर नियम असा : =$आय५>=$के$१. रकाना बांधलेला, ओळ मोकळी. एफ४ कळ दाबत गेले की खुंट्या कमी-जास्त होतात.

आणखी एक. चिटबॉयकडून आलेली माहिती साध्या पेस्टने चिकटवली की त्याच्या फाईलमधले नियमही बिनबोभाट येतात आणि आपल्या नियमांचे तुकडे पडतात. म्हणून आता फक्त 'व्हॅल्यूज' चिकटवायच्या, असे सर्वांना बजावले आहे.

रंग लागला म्हणजे कोयता लागला असेही नाही. हिरव्या ओळीतही लागणीच्या तारखेचा क्रम आणि ब्रिक्सची तपासणी आहेच. आणि ज्या गट ऑफिसात साधा काळा प्रिंटर आहे तिथे हिरवा नि पिवळा दोन्ही राखाडीच उमटतात, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. त्यामुळे आता रंगाशेजारी वयाचा आकडा आणि 'पक्व' हा शब्दही छापला जातो.

फळ्यावर यादी लागेल तेव्हा आधी लागणीची किंवा मागील तोडीची तारीख पाहा, मग वय, मग रंग. तिन्हींचा मेळ बसत नसेल तर नोंदीची पावती घेऊन गट ऑफिसात या आणि तक्ता आपल्यासमोर उघडायला सांगा.