‘वेदना’ : शरीराची, मनाची आणि मायक्रोग्लियांची

‘विद्’ म्हणजे जाणणे. त्यावरून आलेली ‘वेदना’ ही मुळात केवळ जाणीव होय. बौद्ध विवेचनात तिचे सुखद, दुःखद आणि दोहोंहून निराळी असे तीन प्रकार मानले आहेत. मराठीत हा अर्थ आक्रसला. वेदना दुःखदच उरली. मात्र ती शरीराची आणि मनाची अशी दोहोंची झाली. दाढेची वेदना वाच्यार्थाने घ्यावयाची व विरहाची लक्षणेने, असा समीक्षेचा सामान्य संकेत आहे. शरीरक्रियाविज्ञान हा संकेत कितपत मान्य करील, हे मेंदूतील मायक्रोग्लिया या कोशिकांवरून अजमावता येते.

‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. तंत्रिका कोशिकांना सांधून ठेवणारे लुकण, एवढीच या ऊतकाविषयी एकोणिसाव्या शतकातील कल्पना होती. १९१९ मध्ये स्पॅनिश संशोधक पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी त्यातून मायक्रोग्लिया वेगळ्या ओळखल्या. त्या मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक कोशिका होत. एरव्ही निष्क्रिय समजल्या गेलेल्या या कोशिका आपल्या शाखा अखंड हलवीत असतात, हे २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत प्रत्यक्ष दिसले. सरसाला न शोभणारेच हे वर्तन!

तंत्रिकेला इजा झाली की मेरुरज्जूतील मायक्रोग्लिया उद्दीपित होतात. त्यांच्यातून स्रवणारे एक प्रथिन तंत्रिका कोशिकांतील क्लोराइडचा तोल बिघडविते, असे २००५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. संवेदनेला आवर घालणारा संदेश त्यामुळे दुबळा पडतो, हलका स्पर्शही कळ आणतो. जखम भरते, पण वेदना सरत नाही. २०१५ मधील प्रयोगांनी यातही भेद दाखविला: ही यंत्रणा मुख्यतः नर उंदरांची, माद्यांत तेच कार्य बहुधा टी-कोशिका करतात.

चिंतेचा पुरावा निराळ्या वाटेने आला. हॉक्स-बी८ या जनुकात बिघाड असलेले उंदीर केस झडेपर्यंत स्वतःचे अंग चाटत, कुरतडत राहतात. २०१० मध्ये मारिओ कापेक्की यांच्या गटाने त्यांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली, तेव्हा हा चाळा ओसरला. याच उंदरांतील वेदनेच्या जाणिवेचा दोष मात्र मेरुरज्जूच्या कोशिकांतून उद्भवलेला निघाला. म्हणजे दोन्ही लक्षणे एका जनुकाची असूनही त्यांचे उगम भिन्न. अशा उंदरांत चिंताही वाढते आणि लैंगिक संप्रेरके तिची तीव्रता ठरवितात, असे २०१९ मध्ये दिसून आले.

तेव्हा मनाच्या वेदनेला निव्वळ लक्षणा म्हणणे अवघड होते, आणि दोन्ही वेदना एकच मानणेही. शिवाय उंदराची वेदना त्याच्या हालचालीवरून अनुमानावी लागते. माणसाला ती विचारता येते. १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनामापनासाठी सिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. मराठीत अशी जुळणी करू पाहणाऱ्यास कळ, ठणका, चमक, आग, सल हे शब्द सहज हाती लागतील. त्यांपैकी ‘सल’ कोणत्या गटात घालावा, येथे तो अडेल.