निवाड्यापूर्वींची अटक व आरोपीचें मन

जुनें दप्तर उघडलें म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम महजराकडे, निवाडपत्राकडे अगर सनदेकडे जातो. हें स्वाभाविक आहे. निवाडपत्रांत वादीप्रतिवादींचीं नांवें, वतनाची हकीकत, साक्षीदार, शिक्का, मिति, सर्व कांहीं एके ठिकाणीं सांपडतें. त्याच रुमालांत हाजीरजामिनाचे कतबे, मुचलके, मोहसलाच्या खर्चाचे हिशेब, अटकेंतून मोकळें करावें अशा आशयाचे अर्ज, असेहि कागद असतात. ते बहुधा तळाशीं राहतात व पुष्कळदां रद्दींत जातात. या किरकोळ कागदांची तरफदारी करावी एवढ्यासाठींच आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. मनुष्य धरला गेला त्या दिवसापासून त्याचा निवाडा झाला त्या दिवसापर्यंत जो काळ जातो, त्याचा पुरावा निवाडपत्रांत क्वचितच असतो. असलाच तर तो या कागदांत असतो. आणि त्या काळांत आरोपीच्या मनाचें काय होतें, हा प्रश्न आज वैद्यक व न्याय या दोन्ही शास्त्रांनीं गंभीर मानिलेला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. हाजीरजामीन म्हणजे आरोपीस बोलावतील तेव्हां हजर करण्याची हमी घेणारा. चालजामीन म्हणजे त्याच्या पुढील वर्तणुकीची हमी घेणारा. मुचलका हा आरोपीनें स्वतः लिहून दिलेला करार. मोहसल म्हणजे सरकारांतून दारीं येऊन बसणारा शिपाई. त्याच्या येण्याबद्दल मसाला घेत, आणि पोटाचा खर्चहि ज्याच्या दारीं तो बसे त्याच्याच माथीं पडे. याहून पुढची पायरी घरावर चौकी बसविण्याची, व शेवटची बेडीची अगर खोड्याची. या क्रमावरून एक गोष्ट ध्यानांत येते. मराठी अमलांत निवाड्यापूर्वीं मनुष्यास कोंडून ठेवण्यापेक्षां त्याच्या भोंवतींच्या माणसांस बांधून घेण्याकडे कल होता. पाटील, भाऊबंद, सावकार, जातीचे शेटे यांपैकीं कोणी जामीन राहिला तर आरोपी आपल्या घरीं, आपल्या माणसांत राहून निवाड्याची वाट पाही. परंतु परमुलुखांतून आलेला, गोतानें टाकलेला, अगर ज्याची पत नाहीं असा मनुष्य मात्र खोड्यांत जाई. जामीन ज्यास मिळत नाहीं तो अटकेंत, हा नियम तेव्हांचा. आणि कायद्याचीं पुस्तकें बदललीं तरी तो फारसा बदलला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दिव्याच्या कागदांकडे या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. उकळत्या तेलांतून धातूचा तुकडा काढण्याचें रवादिव्य ज्यास करावयाचें, त्याचे हात धुवून, नखें काढून, हातांस पिशव्या घालून त्यांवर मोहर करीत व त्यास पहाऱ्यांत ठेवीत. दिव्य झाल्यावर पुन्हां पिशव्या घालून, कांहीं काळानें त्या सोडून हात पाहात. म्हणजे खऱ्याखोट्याचा निर्णय होण्यापूर्वीं एक रात्र, व नंतर आणखी कांहीं वेळ, त्या मनुष्यानें बंद पिशवींतल्या हातांनीं काढावयाचा. लिहिणाऱ्या कारकुनानें हातावर पूर्वींचे व्रण कोणते होते हें बारकाईनें टिपलें आहे. त्या रात्रीं मनुष्य जेवला काय, निजला काय, हें टिपण्याचें त्यास कारण नव्हतें. आमच्या साधनांतील उणीव ती हीच.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें कारभाराचें ठाणें केलें, आणि १८२७ सालच्या एल्फिन्स्टन साहेबांच्या कायद्यांनीं मुंबई इलाख्यांतील फौजदारी कामास नवें वळण लागलें. पुढें जामिनाची जागा उत्तरोत्तर तुरुंगाच्या भिंतीनें घेतली. १८५२ सालीं जमिनीच्या मोजणीविरुद्ध सावदें, फैजपूर, एरंडोल या बाजूस रयतेनें दंगा केला, तेव्हां भिल्ल पलटणीकडून पुढाऱ्यांस धरण्यांत आलें. हे लोक गुजर-पाटीदार, लेवे, कुणबी, घरंदाज शेतकरी व पाटील होते. शेतांत पीक उभें असतां ते उचलले गेले. आजच्या जळगांव जिल्ह्यांतील ज्या घरांत जुनीं दप्तरें आहेत, त्यांत या प्रसंगींचे जामीनकतबे निघण्याचा संभव आहे, म्हणून तेथील संग्राहकांनीं मुद्दाम शोध करावा.

१८२७ च्या कायद्यांपैकीं २५ वा कायदा तर असा होता कीं, त्यान्वयें राजकीय कारणास्तव मनुष्यास चौकशीवांचून अटकेंत ठेवतां येई. पुण्याचे सरदार नातू बंधु यांस १८९७ सालीं याच कायद्याखालीं धरलें व १८९९ पर्यंत अटकेंत ठेविलें. त्यांच्यावर खटला झालाच नाहीं. त्याच वर्षीं राजद्रोहाच्या आरोपावरून धरलेल्या टिळकांस न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं जामिनावर सोडलें. त्या जामिनासाठीं टिळकांच्या बाजूनें उभे असलेले दावर पुढें न्यायाधीश झाले, आणि १९०८ सालीं त्यांनींच टिळकांस जामीन नाकारला. कलम तेंच, आरोपी तोच. अटकेंतील मनुष्याचें मन ज्या अनिश्चिततेवर हेलकावे खातें ती केवढी असते, हें यावरून समजावें.

आतां धुळ्याच्याच तुरुंगांतील एक विरुद्ध बाजूचें उदाहरण घेऊं. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं तेथें गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. टिळकांचें गीतारहस्य मंडालेस लिहिलें गेलें, श्यामची आई नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत. हीं तिन्ही कामें शिक्षा ठोठावल्यानंतरचीं आहेत. अर्थात् ज्यांनीं कारावास आपण होऊन पत्करला अशा थोरांचा दाखला सामान्य बंद्यास लावणें योग्य नव्हे. तथापि एक भेद उघड आहे. शिक्षा झालेल्यास आपले दिवस मोजतां येतात. अठरा रविवारांची आंखणी त्यास करतां येते. कच्च्या कैद्यास मोजण्यास कांहींच नसतें. तो उद्यां सुटेल किंवा चार वर्षांनीं, निर्दोष ठरेल किंवा दोषी, हें त्यासच नव्हे, कोणासच ठाऊक नसतें. त्याची मोजणी तारखेपासून तारखेपर्यंतच चालते, आणि तारीख पुढें ढकलली कीं ती पुन्हां पहिल्यापासून.

मानसवैद्य याचा परिणाम असा सांगतात. अटकेचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. झोप जाते, अन्न नकोसें होतें, छातींत धडधड राहते. घरीं काय चाललें असेल हाच विचार घोळत राहतो. व्यसन असलेल्यास तें एकाएकीं सुटल्यानें भ्रम होण्याची भीति असते. पूर्वींचा मनोविकार असल्यास तो उसळतो. तुरुंगांतील आत्महत्यांचें प्रमाण बाहेरच्यापेक्षां अधिक असतें, व तुरुंगांतहि शिक्षा झालेल्यांपेक्षां खटला चालावयाच्या बंद्यांत अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालच्या आपल्या पुस्तिकेंत याकडे लक्ष वेधलें आहे. पुढें महिने लोटले म्हणजे उद्वेगाची जागा एक प्रकारची बधिरता घेते. असा मनुष्य वकिलास हकीकत नीट सांगूं शकत नाहीं, कोर्टांत उलटसुलट बोलतो. आणि कित्येक तर केवळ हें संपावें म्हणून, न केलेला गुन्हाहि कबूल करून मोकळे होतात. म्हणजे अटकेनें मन बिघडतें इतकेंच नव्हे, तर बिघडलेलें मन निवाडाहि बिघडवितें. जुन्या कबूलीजबाबांचा अर्थ लावतांना इतिहासकारानें हें विसरतां कामा नये.

कायद्यास याची अजिबात जाणीव नव्हती असें नाहीं. १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यानें कच्च्या कैद्यांस शिक्षा झालेल्यांपासून वेगळें ठेवण्यास सांगितलें, व बाहेरून अन्न-वस्त्र आणविण्याची मुभा दिली. परंतु निवाड्यापूर्वीं काढलेले दिवस शिक्षेंतून वजा करण्याची तरतूद १९७३ च्या संहितेंत आली. तोंपर्यंत ते दिवस हिशेबींच नव्हते. १९७९ सालीं हुसैनारा खातून खटल्यांत बिहारमधील असे बंदी सर्वोच्च न्यायालयापुढें आले, कीं ज्यांनीं कमाल शिक्षेहून अधिक काळ खटल्याची वाट पाहण्यांत घालविला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणें, देहांत वा जन्मठेपेचे अपराध वगळून, प्रथमच आरोपी झालेल्यास कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदतीनंतर सोडावयाचें आहे. तथापि २०२२ अखेर देशांतील ५,७३,२२० बंद्यांपैकीं ४,३४,३०२ खटला पुरा न झालेले होते. मनाच्या उपचाराविषयीं २०१७ चा कायदा प्रत्येक राज्यांत निदान एका तुरुंगांत तशी सोय असावी असें म्हणतो; पण महाराष्ट्रांतील चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, रत्नागिरी व नागपूर येथें आहेत, त्यांतील एकहि खानदेशांत नाहीं.

आतां कागदांकडे वळूं. अटकेंतील मनुष्याचा अर्ज हातीं आल्यास प्रथम सावध असावें. अक्षर अर्जनविसाचें असतें, भाषाहि त्याचीच. गरिबीचें, पोराबाळांचें, दीनवाणेपणाचें वर्णन हा ठराविक मायना आहे. त्यावरून मनाची स्थिति काढणें म्हणजे पत्राच्या आरंभींच्या शिरसाष्टांगावरून भक्ति मोजण्यासारखें होय. मायना जेथें सुटतो तेथें मात्र थांबावें. एकाच महिन्यांत त्याच मनुष्याचे तीन अर्ज, दुखण्याचा नांवानिशीं उल्लेख, अमुक माणसास भेटूं द्यावें अशी नेमकी मागणी, पेरणीच्या दिवसांची आठवण, हें अर्जनवीस आपल्या पदरचें घालीत नाहीं. खालच्या निशाणीकडेहि पाहावें. कुणब्याच्या नांगराची रेघ पहिल्या अर्जावर ठसठशीत व तिसऱ्यावर कांपरी असली, तर ती वय, आजार, थंडी यांपैकीं कशानेंहि कांपली असेल. निष्कर्ष काढूं नये, पण नोंद अवश्य करावी.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर येथें बाडें व कागद जतन करण्याची परंपरा आहे. जळगांवकडील खाजगी संग्रह अद्याप पुष्कळ अंशीं घरोघरच आहेत. या संग्रहांच्या याद्या करतांना जामीनकतबा व मुचलका यांस 'किरकोळ' या सदरांत न घालतां स्वतंत्र सदर द्यावें, आणि त्यांत चार गोष्टी लिहाव्या : धरल्याची मिति, सुटल्याची अगर निवाड्याची मिति, जामीन कोण व त्याचें आरोपीशीं नातें काय, आणि जामीन न मिळाल्यास मनुष्य कोठें ठेविला. पहिल्या दोन मित्यांपैकीं एकच सांपडली तरी दुसरीची जागा कोरी सोडावी. जोडकागद दुसऱ्या गांवच्या रुमालांत निघण्याचा संभव असतो.